फोर्टातल्या कंपनीचा साइडबोर्ड

"ताई, हे सागवान नाहीये," प्रबुद्ध साइडबोर्डखालून म्हणाला, आणि वर्तमानपत्रात गुंडाळत असलेली काचेची बरणी उत्तराच्या हातात तशीच राहिली. तो पाठीवर आडवा झाला होता. मोबाइलचा टॉर्च हनुवटीखाली दाबलेला, आणि दोन पाय घाटकोपरच्या पंतनगरातल्या त्या हॉलच्या मध्यापर्यंत पसरलेले. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत त्याचा छोटा गाळा होता. जुनं फर्निचर घ्यायचं, दुरुस्त करायचं, विकायचं, हा त्याचा धंदा. उत्तराच्या नवऱ्यानं, देवदत्तनं, कुणाकडून तरी त्याचा नंबर मिळवला होता. तिचे वडील अण्णा राहत होते ती इमारत महिनाअखेर रिकामी करायची होती. ती पाडून नवी होईपर्यंत अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या अण्णांना एकटं कुठं भाड्यानं ठेवायचं? ते बोरिवलीला उत्तराकडे येणार होते. साइडबोर्डाला मात्र तिथं जागा नव्हती. देवदत्तनं टेप लावून भिंत दोनदा मोजली होती.

"नीट बघ," उत्तरा म्हणाली. "बर्मा टीक आहे. फोर्टातल्या कंपनीचं आहे. मागं पितळी पट्टी आहे बघ."

हे बोलताना तिला आपल्याच तोंडून अण्णांचा आवाज ऐकू आला. लहानपणापासून हजारदा ऐकलेलं वाक्य, शब्दांच्या क्रमासकट. घरी कुणीही आलं, अगदी विम्याचा हप्ता न्यायला आलेला माणूस असला, तरी अण्णा चहाचा कप हातात ठेवून त्याला साइडबोर्डाशी न्यायचे. सहा फूट लांब, खाली तिरके निमुळते चार पाय, एका बाजूला सरकती दारं, दुसऱ्या बाजूला तीन खण. बर्मा टीक. फोर्टातली कंपनी, मॅकर्टी अँड सन्स. कसले कारागीर असतील बघा! आणि मग ते वरचा खण उघडून अलगद ढकलायचे. तो आत गेला की आतल्या हवेच्या दाबानं खालचा खण आपोआप बोटभर बाहेर यायचा. पाहुणे हसायचे. अण्णा मान हलवायचे, जणू खण त्यांनीच शिकवून तयार केला होता. कॉलेजात असताना उत्तराला या प्रकाराची इतकी लाज वाटायची की मैत्रिणी आल्या की ती त्यांना सरळ गॅलरीत न्यायची. आईचं वेगळं. अण्णा साइडबोर्डाकडे वळले की आई उठून स्वयंपाकघरात जायची. नेहमी.

प्रबुद्ध बाहेर आला, केसांतली जळमटं झटकत. त्याच्या हातात बारीक पटाशी होती आणि पटाशीच्या टोकावर लाकडाचा नखाएवढा छिलका. "हे बघा ना. खालून, जिथं पॉलिश नाही तिथून काढलंय. सागाला वास येतो, चामड्यासारखा, आणि हाताला जरा तेलकट लागतं. हे कोरडं आहे. आणि रंग बघा." छिलक्याची वरची बाजू चॉकलेटी होती, आणि आतली, नुकती कापलेली बाजू पिवळी. ओलं हळकुंड मोडावं तशी पिवळी. "फणस आहे ताई. फणसाचं लाकूड पहिल्यांदा असं पिवळंजर्द असतं, मग वर्षावर्षानं काळवंडत जातं. वरून लाखेचं चपडा पॉलिश मारलं की भलेभले फसतात."

फसतात हा शब्द तिला बोचला. आपलं वडिलोपार्जित काहीतरी चोरीचं निघावं तसं. अण्णा आतल्या खोलीत दुपारचे झोपले होते, त्यांच्या घोरण्याचा बारीक आवाज येत होता, आणि तिनं नकळत आवाज खाली आणला. "मग पट्टी?"

दोघांनी मिळून साइडबोर्ड भिंतीपासून पुढं ओढला. पट्टी होती, अण्णांनी दर दिवाळीला चिंचेनं घासून लखलखीत ठेवलेली, इंग्रजी अक्षरांची. प्रबुद्धनं तिच्यावरून अंगठा फिरवला. "ही सपाट नाही. मधे फुगलीय, आणि कडेला हातोडीचे ठोके आहेत. कुठल्या तरी गोल पाठीच्या खुर्चीवरची काढून इथं ठोकून बसवलीय. चोरबाजारात ढिगानं मिळायच्या अशा." तिचा चेहरा बघून तो जरा थांबला. "पण ताई, कंपनी खोटी असली तरी काम खोटं नाही. कुठल्या कंपनीत असं काम होत नाही. हा एका माणसाचा हात आहे. खिळा नाही एकसुद्धा. आणि ते खण, हवेवर चालणारे... मी दहा वर्षं हे करतोय, मला नाही जमत." मग त्यानं वरचा खण पूर्ण ओढला. तो शेवटाला अडला. त्यानं हात आत घालून काहीतरी चाचपलं, एक लाकडी कळ फिरवली, आणि खण बाहेर आला. इतक्या वर्षांत तो असा निघतो हेच उत्तराला माहीत नव्हतं. खणाच्या मागच्या फळीवर, कुणाला कधी दिसू नये अशा जागी, सुताराच्या जाड पेन्सिलीनं मापं लिहिली होती, मराठी आकड्यांत. त्यांच्याखाली एक शब्द.

"जानकीक," प्रबुद्धनं वाचलं. "जानकी असेल. शेवटचा क चुकून पडलाय का?"

चुकून पडला नव्हता. जानकी तिची आई. आणि जानकीला म्हणायच्या ऐवजी मालवणीत जानकीक म्हणणारा एकच माणूस या घरात येत असे.

तिनं प्रबुद्धला चहा दिला, फोन करते म्हणाली आणि वाटेला लावलं. अण्णा उठले तेव्हा साइडबोर्ड जागच्या जागी होता. त्यांनी विचारलं, "काय म्हणाला तो?" ती म्हणाली, "बघतो म्हणाला." एवढंच. पण तो छिलका तिनं रुमालात ठेवला होता. एकतीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काढलेली बाई, दुसऱ्याच्या सांगण्यावर तिचा विश्वास बसेना. संध्याकाळी तिनं तो स्टीलच्या वाटीत गरम पाण्यात टाकला, वर चिमूटभर खायचा सोडा; फणस असेल तर रंग सोडेल. पाणी आधी तसंच राहिलं. मग छिलक्याच्या कडेनं पिवळा धागा सुटला, पसरला, आणि बघता बघता वाटी हळदीच्या पाण्यानं भरल्यासारखी झाली. ती ओट्याशी उभी राहून त्या पिवळ्या पाण्याकडे बघत राहिली. तिला कुडाळजवळच्या आजोळच्या अंगणाची आठवण आली. तिथं ती आयुष्यात एकदाच गेली होती, सहा वर्षांची असताना. पायरीशी फणसाचं बसकं खोड होतं, बसायला केलेलं. आजोबांनी तिला त्यावर बसवून सांगितलं होतं, "ह्यो आमचो थोरलो फणस." झाड कुठंय, असं तिनं विचारलं होतं. आजोबा म्हणाले होते, "ग्येलो मुंबयक." तेव्हा ती खूप हसली होती.

दशरथ मेस्त्री. आईचे वडील, गिरणीत सुतारखात्यात होते. मागांचे लाकडी भाग दुरुस्त करायचे, साहेबाच्या बंगल्यातल्या खुर्च्या-टेबलांची डागडुजी करायची. लालबागहून महिन्यातून एका रविवारी घाटकोपरला यायचे, धोतर आणि वर कोट घालून, हातात केळीच्या पानात बांधलेलं काहीतरी. सोफ्यावर कधी बसले नाहीत. साइडबोर्डाशेजारी जमिनीवर बसायचे, पाठ भिंतीला, एक हात त्या तिरक्या पायावर. म्हातारा माणूस आधाराला काहीतरी धरतो, असं तिला वाटायचं. आणि अण्णा! आजोबा आले की अण्णांना हटकून साइडबोर्ड आठवायचा. पाहुणा नसला तर शेजारच्या बिऱ्हाडातल्या कुणाला तरी चहाला बोलवायचे आणि आजोबांच्या देखत सुरू करायचे, फोर्टातली कंपनी, बर्मा टीक, कसले कारागीर. आजोबा मान खाली घालून लादीवर नख ओढत राहायचे. आई स्वयंपाकघरात.

दोन दिवस उत्तरा भांडी गुंडाळत होती, पुस्तकं खोक्यांत भरत होती, आणि तिच्या मनात हे एकच चित्र पुन्हा पुन्हा उलगडत होतं. प्रत्येक वेळी ते अधिक क्रूर दिसत होतं. अण्णांना माहीत नव्हतं, असं कसं म्हणायचं? सासऱ्यानं स्वतःच्या हातानं करून दिलेली वस्तू, आणि हे ती दुकानातली म्हणून मिरवत राहिले. का? गिरणीतला सुतार सासरा म्हणायला लाज वाटत होती म्हणून. विमा कंपनीतले साहेब, गिरगावातलं घराणं. टायपिस्ट मुलीवर मन बसलं, तिला घरात आणलं, पण तिच्या बापाचं नाव घेववलं नाही. आणि त्या बापाच्या तोंडावर दुसऱ्याच कंपनीचं कौतुक! आई गेल्याला दीड वर्ष झालं होतं. आई शनिवारी मऊ फडक्याला खोबरेल तेलाचा थेंब लावून तो साइडबोर्ड पुसायची, पाय, कडा, सरकती दारंसुद्धा. काय चालत असेल तेव्हा तिच्या मनात? उत्तरानं आईचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला. आठवली ती पाठच, स्वयंपाकघरात शिरणारी. मग तिला अण्णांच्या चमच्याचा आवाज सहन होईना. त्यांचं खोकणं सहन होईना. आयुष्यभर आवडलेला माणूस असा एका छिलक्यानं परका होतो, याची तिला भीतीही वाटली. असंही वाटलं की विचारूच नये. बोरिवलीला न्यावं, औषधं द्यावीत, साइडबोर्ड प्रबुद्धला देऊन टाकावा, संपलं.

मंगळवारी सकाळी अण्णा खिडकीशी बसून वाल सोलत होते. जावयाला आवडतात म्हणून बोरिवलीला पहिल्या दिवशी वालाची उसळ करायची, हे त्यांनीच ठरवलं होतं. बोटं थरथरत होती, एकेक वाल निसटून ताटलीबाहेर जात होता. उत्तरा खाली बसून निसटलेले गोळा करत होती आणि तोंडातून एकदम निघालं.

"अण्णा, हे फणसाचं लाकूड आहे."

त्यांचा हात थांबला.

"आणि आजोबांनी केलंय. खणाच्या मागं त्यांनी आईचं नाव लिहिलंय. तुम्हाला माहीत होतं ना? बासष्ट वर्षं माहीत होतं. आणि तुम्ही त्यांच्या तोंडावर... त्यांना काय वाटत असेल, कधी मनात आलं? आईला काय वाटत असेल?" तिचा आवाज चढला होता. "एवढी लाज वाटत होती तुम्हाला?"

अण्णांनी चष्मा काढला. मग म्हणाले, "नाव लिहिलंय? कुठं?"

"खण पूर्ण बाहेर काढला की दिसतं."

"मला नाही माहीत ते," अण्णा म्हणाले. "दाखव."

तिनं कळ फिरवून खण काढला, त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी अक्षरांवर बोट ठेवलं, पण टेकवलं नाही, पेन्सिल पुसेल या भीतीनं ते वरच्या वर फिरवलं. आणि मग, खणाकडेच बघत, बोलायला लागले.

"माझी आई म्हणाली होती, गिरणीतल्या सुताराची मुलगी आणतोयस, घरात काय येणार? पाट आणि पोळपाट? भर बैठकीत म्हणाली. तुझे आजोबा तिथंच होते. काही बोलले नाहीत. उठून नमस्कार करून गेले. पुढं आठ महिने लग्न लांबवलं त्यांनी. आजारी आहे म्हणाले. मला वाटलं, मोडणार. एक दिवस ऑफिसात आले मला भेटायला, पहिल्यांदा आणि शेवटचे. रे रोडला एका वखारीत घेऊन गेले. तिथं हा उभा होता. गावचा फणस पाडून, फळ्या जहाजानं आणून, रोज पाळी सुटल्यावर तिथं जाऊन केलेला. साहेबाच्या बंगल्यात असलं फर्निचर पाहिलं होतं त्यांनी, मनात माप घेतलं होतं. घरी कुणाला पत्ता नाही. तुझ्या आईलाही नाही. ओव्हरटाइम आहे म्हणून सांगायचे."

वालाची टरफलं पंख्याच्या वाऱ्यानं जमिनीवर सरकत होती.

"मी बघतच राहिलो. म्हटलं, बाबा, सगळ्यांना सांगतो, माझ्या आईला पहिलं सांगतो. तर माझे दोन्ही हात धरले त्यांनी. म्हणाले, 'जावयबापू, ह्यां मी केलंय म्हणून खंय सांगू नकात. दुकानातलां म्हणा. सुताराच्या घरचां म्हटल्यार लोकां नाकां मुरडतली. माझ्या चेडवाक तुमच्या घरात मान गावाक होयो.' पट्टी ठोकलेली होतीच. मला शपथ घातली. मी शब्द दिला." अण्णांनी मान वर केली. "काय करायला हवं होतं मी, उत्तरा? तू सांग."

तिनं हातातले वाल ताटलीत ठेवले.

"लग्नानंतर ते इथं आले की मला चैन पडायचं नाही," अण्णा म्हणाले. "माणसानं एवढं करायचं आणि एक शब्द ऐकायचा नाही? त्यांना उघड काही बोलायची सोय नाही, शब्द दिलेला. मग मी काय करायचो, कुणाला तरी बोलवायचो आणि त्यांच्या देखत कंपनीचं कौतुक करायचो. कसला हात, कसले सांधे, असे कारागीर मुंबईत उरले नाहीत. ते ऐकायचे. शेजारचे हसायचे मला, हा बुवा कपाटाच्या प्रेमात पडलाय म्हणून. हसू देत म्हटलं. बर्मा टीक तर मीच जोडलं. त्यांना आवडलं ते. एकदा जिन्यापर्यंत सोडायला गेलो तेव्हा हळूच म्हणाले, 'आज जरा जास्तच झालां.'"

उत्तरा जमिनीवर बसलेली होती, जवळजवळ त्याच जागी, पाठ भिंतीला. दोन दिवस तिच्या मनात फिरत असलेलं चित्र तेच होतं. साइडबोर्ड, उभे राहून बोलणारे अण्णा, खाली मान घालून लादीवर नख ओढणारे आजोबा. त्यातली एकही रेघ हलली नव्हती. पण आता तिला त्या खाली घातलेल्या मानेतलं हसू दिसत होतं. दाबलेलं, मिशीत लपवलेलं, आपल्या कामाची तारीफ ऐकताना माणूस जमिनीकडे बघतो तसं. तिरक्या पायावरचा तो हात आधाराचा नव्हता. ती खाली वाकून निसटलेले वाल गोळा करायला लागली. आपण दोन दिवस या माणसाला मनातल्या मनात काय काय म्हटलं! आणि त्याही आधी, कॉलेजात असताना, मैत्रिणींना गॅलरीत नेताना...

"आईला माहीत होतं?" तिनं विचारलं.

"ते मला कळलं नाही गं." अण्णांचा आवाज एकदम म्हातारा झाला. "मी विचारलं असतं तर शब्द मोडला असता. आणि तिला माहीत असलं तर... तिनंही बापासाठी तोंड मिटलं असेल. सुताराची पोर, तिला बापाचा हात ओळखू येणार नाही? पण मग मी सुरू झालो की उठून का जायची? राग यायचा का? की रडू यायचं? साठ वर्षं संसार केला, एवढं एक विचारायचं राहिलं." मग खणाची कड चाचपत म्हणाले, "आणि आज मी शब्दही मोडला."

"अण्णा, आईला मान मिळावा म्हणून त्यांनी शब्द घेतला होता," उत्तरा म्हणाली. "तो मिळाला. तुम्ही दिलात. आता कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर तो त्यांचाच."

खण त्यांनी दुपारपर्यंत मांडीवरून उतरवू दिला नाही. वाल तिनंच सोलले.

बुधवारी प्रबुद्धचा फोन आला. गोवंडीच्या घरून निघालोय, टेम्पो आणू का, लिस्टिंगला मेकर म्हणून काय लिहायचं, तो विचारत होता. ती म्हणाली, "विकायचा नाही आता. पण तू ये. एक पाय जरा हलतोय, तो बघ, आणि पॉलिशला हात लावू नकोस." तो हसला. "मला वाटलंच होतं ताई," तो म्हणाला, "नाव निघालं की माल हातचा जातो." देवदत्तला फोनवर सांगायला तिला अवघड वाटत होतं, पण तो सगळं ऐकून एवढंच म्हणाला, "टीव्हीचं युनिट काढू. तसंही प्लायवूडच आहे."

शनिवारी सकाळी टेम्पो बोरिवलीला पोचला. लिफ्टमध्ये साइडबोर्ड मावण्याचा प्रश्नच नव्हता. चौघं हमाल जिन्यानं निघाले, तिसऱ्या मजल्यापर्यंत. उत्तरा त्यांच्या पुढं उलटी चालत, कठड्याला लागेल, जरा डावीकडे, सांभाळून, असं म्हणत होती. अण्णांना तिनं खाली वॉचमनशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं होतं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर हमालांचं काम अडलं, आणि त्याच वेळी खालून आवाज आला. बाजारातून येणाऱ्या शकुताई होत्या, तळमजल्यावरच्या. सगळ्या इमारतीची खबर ठेवणाऱ्या.

"काका, तुम्ही उत्तराचे वडील ना? या या. काय सुरेख वस्तू आणलीत हो! आताच वर जाताना बघितली. कुठली म्हणायची?"

उत्तरा कठड्याशी थांबली. खाली अण्णांचा टक्कल पडलेला माथा दिसत होता. ते काठीवर जोर देऊन उठून उभे राहत होते, पाहुण्यांना सांगताना राहायचे तसे.

"ती," अण्णा म्हणाले, "फोर्टातल्या..."

आणि थांबले. वॉचमननंही मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. वर एक हमाल पुटपुटला, "ताई, वजन आहे, एकच मजला राहिलाय."

"टेकवा जरा," उत्तरा हळूच म्हणाली. "थांबा."

त्यांनी साइडबोर्ड वळणावरच्या लादीवर टेकवला.

"माझ्या सासऱ्यांनी केलाय," खालून अण्णांचा आवाज आला, जरा जास्तच मोठा, जिना भरून टाकणारा. "दशरथ मेस्त्री त्यांचं नाव. गिरणीत सुतार होते. अंगणातला फणस पाडला त्यांनी मुलीच्या लग्नासाठी. आठ महिने खपले. एक खिळा नाही त्यात, सांगतो तुम्हाला, एक खिळा नाही."

शकुताईंनी हातातली भाजीची पिशवी खाली ठेवली.